वाळत घातलेली गाणी

आमच्या खालच्या मजल्यावर जी जर्मन बाई राहायची ती मला 'आई' म्हणायची. ती ऐंशीच्या पुढची, मी बासष्टची. माझी सून मला जिन्यात "आई, सावकाश" म्हणताना तिने ऐकलं होतं आणि हेच माझं नाव असं ती धरून चालली होती. सुनेने तिला एकदा समजावून सांगितलं. बाई "या, या, गेनाऊ" म्हणाली, म्हणजे हो, हो, अगदी बरोबर, आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात परत, "गुटन मॉर्गन, आई!" पहिले काही दिवस मला कुठे बघावं कळायचं नाही. मग सवय झाली. मीही तिला बाई म्हणायला लागले. ते आपल्यासाठी ठेवलेलं नाव आहे असं समजून ती खूश होती. फिट्टंफाट झाली.

मिस्टर गेल्यावर मुलगा मला हॅम्बर्गला घेऊन आला, त्याला आता तीन वर्षं झाली. तो विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. सून घरी बसूनच कॉम्प्युटरवर ऑफिसचं काम करते. दोघंही मला काही कमी पडू देत नाहीत. पण मी मुळातच बुजरी. चार माणसांत गेले की माझा आवाज घशातच राहतो, मग ते मराठी मंडळाचं हळदीकुंकू असो नाहीतर इथली बेकरी असो. बेकरीत मी बोटाने पाव दाखवते. चौथीपर्यंत शिकले आहे. वाचायला आवडतं, लिहायला त्याहून आवडतं, पण ते कुणाला दाखवायला नाही. ही वहीसुद्धा कपाटात साड्यांच्या खाली असते.

बाईची आणि माझी ओळख तळघरात झाली. इथे प्रत्येक घराला खाली तळघरात जाळीची एक खोली असते, तिला केलर म्हणतात. मी रिकाम्या बरण्या ठेवायला गेले होते. बाई एक लाकडी पेटी ओढत जिन्यापर्यंत आली होती आणि दम लागून तिच्यावरच बसली होती. मी काही न बोलता पेटीची दुसरी बाजू धरली. एवढी जड, मला वाटलं आत फरशा आहेत. वर तिच्या घरात नेल्यावर तिने झाकण उघडलं. आत काळ्या जाड रेकॉर्डी होत्या, कागदी पाकिटांत, एकामागे एक उभ्या लावलेल्या.

तिने कॉफी केली. मी खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. तिने एक रेकॉर्ड लावली. आधी नुसती खरखर, तेलात मोहरी तडतडल्यासारखी, आणि त्यातून एका बाईचा आवाज आला. दणकट आवाज, कुणाची भीड न ठेवणारा. शब्द कळायचा प्रश्नच नव्हता. पण एक गोष्ट माझ्या लगेच लक्षात आली. ती गाणारी एक ओळ म्हणायची, मग तीच ओळ परत म्हणायची आणि मग तिसरी वेगळी. परत तसंच. मी बोटांवर दाखवलं, ही एक, हीच परत, आणि ही दुसरी. बाईने कप खाली ठेवला. मग तिने हात पुढे करून माझं ते बोट धरलं आणि हलवलं, लहान मुलाला शाबासकी देतात तसं.

त्याच संध्याकाळी ती आमच्याकडे वर आली. सुनेला मध्ये बसवलं आणि मला सगळं सांगितलं.

शंभरएक वर्षांपूर्वी अमेरिकेत काळ्या लोकांची ही गाणी पहिल्यांदा रेकॉर्डवर आली. गाणाऱ्या बायकांची नावं त्यावर मोठ्या अक्षरांत छापलेली असायची. पण गाणं जिने लिहिलं तिचं नाव गाण्याच्या नावाखाली, कंसात, मुंगीएवढ्या अक्षरांत. बाई तरुणपणी बंदरातल्या एका ऑफिसात जहाजांवरून आलेल्या मालाच्या याद्या टाइप करायची. एकदा तिने जुन्या बाजारातून एक रेकॉर्ड घेतली आणि डिक्शनरी समोर ठेवून गाण्याचा एकेक शब्द लावला. पुढे दुसरी घेतली, ती वेगळ्या गायिकेची. कंसात तेच नाव. तिसरीवर एक आख्खं वाजंत्री पथक, आणि कंसात तेच नाव. तेव्हापासून आजपर्यंत बाईने फक्त त्या कंसातल्या नावाच्या रेकॉर्डी गोळा केल्या होत्या. एकूण त्रेचाळीस. आणि त्यांची यादी, हाताने लिहिलेली. गाणं कोणतं, गायलं कोणी, कंसात नाव आहे की पुसलं आहे, रेकॉर्डला चरा आहे की तडा.

"फोटो आहे का तिचा?" मी सुनेला विचारायला लावलं.

"नाही आई. ती स्वतः कधी गायलीच नाही. एकाही रेकॉर्डवर तिचा आवाज नाही."

"मग कुठली ती?"

सुनेने विचारलं. बाईने खांदे उडवले आणि पेटीकडे बोट केलं.

"म्हणतात, ती एवढीच आहे," सून म्हणाली. "जेवढी त्या पेटीत आहे तेवढी."

मला त्यातलं एक गाणं फार आवडलं. सुनेने त्याचा अर्थ सांगितला तो असा. माझी चप्पल दारात आहे, पण दार माझं नाही. माझी चप्पल दारात आहे, पण दार माझं नाही. उद्या चप्पल पायात घालीन, दार ज्याचं त्याला राहील. "बघा, किती ठसक्यात सांगतेय," सून म्हणाली. मी म्हटलं, "ठसका गाणारीचा. सांगणारी वेगळी आहे." सुनेने हे जर्मनमध्ये सांगितलं तेव्हा बाईने टेबलावर थाप मारली.

मग बाईने मला विचारलं, तुमच्याकडे अशी गाणी कोण लिहितं?

आता हे कसं सांगायचं. माझी आई गाणी करायची, पण लिहायची नाही. आमच्या गावात सराफांच्या दुकानांसाठी आईवडील दोघंही मण्यांत लाख भरायचे. सोन्याचे मणी आतून पोकळ असतात, दाबले तर चेपतील, म्हणून आत लाख भरतात. माझी चौथी झाली आणि शाळा सुटली ती त्याचमुळे. माझी बोटं बारीक होती, मणी हातातून निसटायचे नाहीत. आई शेगडीपाशी बसून लाख पातळ करायची आणि तोंडाने काही ना काही चालू असायचं. लग्नघरी हळद दळायला बायका तिला मुद्दाम बोलवायच्या. ती ओळ टाकायची, सगळ्याजणी ती परत म्हणायच्या, तोवर तिला पुढची सुचायची. एक माझ्या अजून तोंडात आहे:

मणी भरते बाई मी, मणी आतून पोकळ,
मणी भरते बाई मी, मणी आतून पोकळ,
कुणाच्या गं लेकीच्या गळी माझ्या लाखेची ओंजळ.

हे मी अगदी हळू म्हणून दाखवलं. सुनेनेही पहिल्यांदाच ऐकलं. तिने विचारलं, "आई, हे तुमच्या आईचं? कधी बोलला नाहीत ते!" मी म्हटलं, "कुणी विचारलं नाही." खरं म्हणजे आमच्यात कुणी विचारतही नाही. गाणं असतं, ते म्हणायचं असतं.

त्यानंतर मी रोज दुपारी खाली जायला लागले. भाषा फार लागायची नाही. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण ते कंसातलं नाव मला नक्षीसारखं पाठ झालं होतं. पहिलं अक्षर पोटाचं, मग दोन काठ्या, शेवटी शेपूट. बाई पाकीट पुढे करायची, मी मधल्या गोल कागदावर ते शोधून बोट ठेवायची. दोन रेकॉर्डींवर तिचं नाव अगदी पुसट होतं, तिला भिंगातूनही दिसेना. मी तिरप्या उजेडात धरून दाखवलं. मण्यांवरचे चरे असेच बघतात. बाईने लगेच यादीतली दोन्ही प्रश्नचिन्हं खोडून टाकली.

या वर्षी वसंतात तिचं ठरलं. गुडघे जिना चढू देत नव्हते. म्युनिकला तिचा भाचा राहतो, त्याच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात तिला खोली मिळाली. एक पलंग, एक कपाट, एक खिडकी. रेकॉर्डी तिथे मावणार नव्हत्या. एका संगीताच्या लायब्ररीने त्या घ्यायचं कबूल केलं, पण अट अशी की त्रेचाळीसही वाजल्या पाहिजेत, तर सगळा संच एकत्र ठेवू. नाहीतर चांगल्या तेवढ्या घेऊ. बाईचं म्हणणं, मोडका संच दिला तर ती परत विखुरणार, आणि मग कंसातलं नाव कोण जुळवत बसणार? त्यांचा माणूस गुरुवारी येऊन एकेक वाजवून बघणार होता.

त्याआधी सगळ्या धुवायच्या होत्या. ते काम मी माझ्याकडे घेतलं. कोमट पाणी, थेंबभर साबण, मऊ फडकं, गोल गोल फिरवायचं, मधल्या कागदाला पाणी लागू द्यायचं नाही. पुसून भांड्यांच्या जाळीत उभ्या ठेवायच्या. एकतीस अशा झाल्या. सोमवारी बाईच्या स्वयंपाकघरातलं सामान खोक्यांत भरायला माणसं आली आणि बाई डॉक्टरकडे गेली. म्हणून उरलेल्या बारा मी वर आमच्याकडे आणल्या.

तीन आठवडे पावसाची रिपरिप चालू होती. त्या दिवशी नेमकं कडक ऊन पडलं. ऊन पडलं की माझ्याने राहवत नाही. काहीतरी वाळत घालावंच लागतं. रेकॉर्डी मी पुसल्या होत्या, पण मला वाटलं, रेषांमध्ये ओल राहिली असेल. ओलं पाकिटात घातलं तर बुरशी धरेल. आमच्या बाल्कनीला वारा अडवायला चारी बाजूंनी काच आहे. तिथे मी कपडे वाळवायचा स्टँड आडवा उघडला, त्यावर जुनी सुती साडी अंथरली आणि बारा रेकॉर्डी ओळीने मांडल्या, कुरडया घालाव्यात तशा. इतकं बरं वाटलं मला ते बघून! चार कावळे असते तर मी राखण करत बसले असते. मग आत येऊन जरा आडवी झाले.

उठून बाल्कनीचं दार सरकवलं आणि वास आला.

मी उंबऱ्यातच थांबले. पन्नास वर्षं झाली असतील हा वास येऊन. आमची शेगडी, आईचा घामेजलेला हात, वाटीतले मणी. तापलेल्या लाखेचा वास. क्षणभर मला इतका आनंद झाला, की काय होतंय हे कळलंच नाही. मग मी खाली बघितलं.

स्टँडच्या दोन तारांमध्ये साडीला झोळ पडला होता आणि रेकॉर्डी त्या झोळात वाकल्या होत्या. कुणाची कड वर, कुणाची खाली. तळायला टाकलेला पापड फुलायच्या आधी जसा वेडावाकडा होतो तशा. मी त्या घाईघाईने सावलीत आणल्या. बाराच्या बारा. त्यात ते चपलेचं गाणंही होतं. त्याची दुसरी रेकॉर्ड बाईने आयुष्यात कुठे बघितली नव्हती, म्हणून तिच्या पाकिटाला तिने लाल दोरा बांधलेला. तो दोरा मी धुण्याआधी सोडून ओट्यावर ठेवला होता. तो मला तिथून दिसत होता.

संध्याकाळी मुलगा घरी आला तोवर मी कुणाला बोलले नव्हते. सून मीटिंग संपवून बाहेर आली आणि जेवणाच्या टेबलावर मांडलेल्या रेकॉर्डी बघून उभी राहिली.

"आई, हे काय?"

"उन्हात घातल्या," मी म्हटलं.

"उन्हात? रेकॉर्डी?" मुलगा म्हणाला. "आई, वाळवण आहे का ते? तिखटमीठ पण लावलंस का?"

"तू गप," सून त्याला म्हणाली. "माझा लोकरीचा स्वेटर ड्रायरमध्ये घालून भावलीचा कुणी केला होता? इंजिनिअरनेच ना?"

मग तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि दोघंही हसायचे थांबले. ती म्हणाली, "चला, आत्ताच खाली जाऊ. मी येते बरोबर."

बाईने एकेक रेकॉर्ड हातात घेऊन टेबलावर ठेवली. प्रत्येक डुगडुगत होती. शेवटी तिने ती लाल दोऱ्याची घेतली. तिच्यावर तळहात ठेवला. मला वाटत होतं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती सुनेला काहीतरी हळू म्हणाली.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणतात, आईला सांग, जेवून घे. यावर आता उपाय नाही."

मी जेवले नाही, हे लिहायला नको. पण अंथरुणावर पडल्या पडल्या तो वास माझ्या नाकात होता, आणि हळूहळू मला उमगायला लागलं की मी घाबरून एक गोष्ट विसरलेय. लाख वाकते, पण मरत नाही. तापवली की मऊ, निवली की टणक, जिथे दाबावी तिथे बसते. आई मला शिकवताना एवढंच सांगायची, "वास आला की हात मागे घे. धूर दिसायची वाट बघितलीस तर गेलं."

सकाळी सून कामाला बसली होती. तिला उठवलं नाही. एकटीच खाली गेले. बाईने दार उघडलं. मी तिच्या त्या पेटीतली अगदी मागची रेकॉर्ड काढली. ती मधोमध तडकलेली होती, वाजतच नव्हती, म्हणून यादीतही नव्हती. तिच्याकडे बोट दाखवून मी म्हटलं, "लाख." तिला कळेना. माझ्या गळ्यात आईची बोरमाळ आहे. त्यातला एक मणी पूर्वीच फुटला आहे, आतली लाख दिसते. तो मी तिच्यापुढे धरला, मग रेकॉर्ड धरली. मणी, रेकॉर्ड. मणी, रेकॉर्ड. बाई वाकून माझ्या गळ्यातला मणी हुंगायला लागली. कुणी बघितलं असतं तर!

एकदम ती सरळ झाली. "शेलाक!" म्हणाली. "इंडिया!" आणि टेबलावर दोन्ही हातांनी टाइप केल्यासारखं करून दाखवलं. शेलाक म्हणजे लाखच, जुन्या रेकॉर्डी तिच्याच करायचे. ती कलकत्त्याहून पोत्यांतून यायची, इथल्या बंदरात उतरायची, आणि तिच्या याद्या ऑफिसात हीच टाइप करायची. हे सगळं सुनेकडून मला नंतर नीट समजलं. पण त्या वेळीही मला कळलं होतं, की तिला कळलंय.

भिंतीवरच्या तसबिरी उतरवून ठेवलेल्या होत्या. मी त्यातल्या दोन सारख्या काचा काढायला लावल्या. धुऊन, पुसून, वर आमच्या ओव्हनपाशी नेल्या. बाई कठडा धरून धरून, पायरीगणिक थांबत माझ्यामागे आली. सून हेडफोन गळ्यात टाकून धावत आली.

"आई, तुम्ही ओव्हनमध्ये घालणार? परत ऊनच की ते!"

"उन्हात मी झोपले होते," मी म्हटलं. "आता जागी आहे."

तिने अगदी कमी आचेवर ओव्हन लावला. आधी ती तडकलेली घातली, दोन काचांच्या मध्ये. मी स्टूल घेऊन ओव्हनच्या दाराशी बसले, दार बोटभर उघडं ठेवून, नाक तिकडे करून. सून घड्याळ घेऊन उभी. "पाच मिनिटं झाली. आता? सहा. आई, आता?" मी म्हटलं, "घड्याळाला नाक आहे का?" तिने ते बाईला सांगितलं आणि दोघी हसायला लागल्या. मी हसले नाही. वास येतोय का बघत होते.

आला. अगदी पुसट, आई शेगडी ढवळायची तेव्हा पहिल्यांदा यायचा तसा. "बंद कर," मी म्हटलं. कापडाने काचा उचलून टेबलावर ठेवल्या. वर वजन हवं होतं. बाई खाली जायला निघाली, तिला बसवून सून गेली आणि बाईची ती जाडजूड डिक्शनरी घेऊन आली, जिच्यातून तिने सगळी गाणी लावली होती. ती काचेवर ठेवली. पूर्ण गार होईपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. मग काच उचलली. रेकॉर्ड आरशासारखी सपाट होती. तडा होता तिथेच होता.

बाईने तिच्यावरून बोट फिरवलं. मग तिने बारांतली पहिली वाकडी रेकॉर्ड माझ्या हातात दिली.

मंगळवार आणि बुधवार त्यातच गेले. एकेक तापवायची, एकेक निवू द्यायची. मुलगा म्हणाला, "आज जेवायला काय, भाजलेली रेकॉर्ड?" त्याला दोन दिवस बाहेरून जेवण आणावं लागलं. अकरा सरळ झाल्या. लाल दोऱ्याची मी शेवटी ठेवली होती, हात बसल्यावर करू म्हणून. आणि नेमकी तिच्यावेळी मी घाबरले. वास आला की नाही आला, असं वाटलं तेवढ्यात "बंद कर" म्हणाले. गार झाल्यावर बघितलं, तर एका बाजूला हलकीशी लाट राहिली होती. बाईने बोटाने विचारलं, परत? मी नको म्हणून मान हलवली. दुसऱ्यांदा तापवून जरा कमीजास्त झालं असतं तर रेषाच मिटल्या असत्या. "बास," मी म्हटलं. बाईने माझ्याकडे बघितलं आणि तीही म्हणाली, "बास."

गुरुवारी तो माणूस आला. उंच, हडकुळा, हातात पांढरे मोजे. सुनेचा फोन चालू होता म्हणून मी एकटीच खाली होते, भिंतीला टेकून उभी. त्याने एकेक रेकॉर्ड वाजवली, प्रत्येकीचं थोडंथोडं. दुपार होत आली. बेचाळीस झाल्या आणि त्याने लाल दोरा सोडला.

रेकॉर्ड फिरायला लागली. सुई वर खाली होत होती, एल्बे नदीवरची फेरीबोट धक्क्याला लागताना होते तशी. मी डोळे मिटून घेतले. तडतड आली आणि मग तो आवाज. चप्पल दारात आहे. सुई लाटेवर चढली, उतरली. चप्पल दारात आहे. परत चढली, उतरली. दार ज्याचं त्याला राहील. आवाज कुठेही तुटला नाही. त्या माणसाने बाकीच्या अर्ध्यावर उचलल्या होत्या, ही शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाला, "गुट," म्हणजे चांगली आहे. आणि लाटेकडे बोट दाखवून बाईला विचारलं, ही कशाने?

बाईने लांबलचक काहीतरी सांगितलं. त्यात 'आई' दोनदा आलं, 'शेलाक' आलं, आणि मग तिने हवेत साडी अंथरून दाखवली. तो माणूस माझ्याकडे वळला आणि हसून मान झुकवली. मी माझ्या सपातांकडे बघत राहिले.

त्रेचाळीसही गेल्या. एकत्र, तिच्या त्याच पेटीत. पेटीबरोबर यादी गेली. यादी पेटीत ठेवायच्या आधी बाईने तिच्यात शेवटचं काहीतरी लिहिलं, ते सुनेने खाली येऊन वाचून दाखवलं तेव्हा मला कळलं. लाल दोऱ्याच्या रेकॉर्डपुढे, चरा आणि तडा लिहायच्या जागी, बाईने लिहिलं होतं: उन्हात वाकली, सरळ केली. आणि त्याच्याखाली, अगदी बारीक अक्षरांत, कंसात, माझं नाव. आई नव्हे, खरं नाव. ते तिने सुनेकडून कधी विचारून घेतलं कोण जाणे.

"तिला सांग, खोड म्हणावं," मी सुनेला म्हटलं. "वाकडी मीच केली ना!"

सुनेने सांगितलं. बाईने पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाली, "नाइन, आई." नाही म्हणजे नाही.

ती म्युनिकला गेली त्याला आता दोन महिने झाले. रविवारी फोन करते. मी "गुटन टाग, बाई" म्हणते, मग ती खिडकीतून काय दिसतं ते सांगते आणि त्यातलं निम्मं मला कळतं. तिच्या तसबिरींच्या त्या दोन काचा आमच्याकडेच राहिल्या. परवा ऊन पडलं तेव्हा मी त्यांच्यावर साबुदाण्याच्या पापड्या घातल्या. छान सपाट वाळल्या. सून म्हणाली, "आई, या पापड्यांचं पण एखादं गाणं होईल." मी म्हटलं, "होईल की."

पहिली ओळ झाली आहे. ती दोनदा म्हणून झाली. तिसरी अजून सुचायची आहे.